परदेशीं विद्यार्थ्याचें बिऱ्हाड

घरांतील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठीं परदेशीं जाणार असें ठरलें म्हणजे पहिली चौकशी होते ती गरम कपड्यांची, दुसरी मेतकूट, लोणचें व पिठांच्या पुड्यांची. विद्यापीठाचें नांव तर शेजाऱ्यापाजाऱ्यांस आधींच पाठ झालेलें असतें. तेथें राहणें कोठें, हा प्रश्न बहुधा सर्वांच्या शेवटीं निघतो आणि 'कांहीं तरी सोय होईलच' या उत्तरावर मिटतो. रत्नागिरीसारख्या गांवांत या उत्तराला जुना आधार आहे. येथून मुंबईस शिकावयास किंवा नोकरीस जाणारा तरुण कोणाच्या तरी भरंवशावर निघत असे. गिरगांवांत, परळांत किंवा लालबागेंत गांवकरी मंडळाची खोली असे. तीत दहापंधरा माणसें पाळीपाळीनें झोपत, भिंतीशीं ज्याची त्याची ट्रंक असे आणि महिन्याची वर्गणी ठरलेली असे. गोव्याच्या लोकांनींही मुंबईंत 'कूड' म्हणून ओळखलीं जाणारीं गांववार निवासस्थानें काढलीं होतीं. ज्यास तेवढाही आधार नसे तो चार घरीं वार लावून जेवी आणि एखाद्या ओसरीवर निजे. हालअपेष्टा होत, पण अगदींच रस्त्यावर राहण्याची पाळी क्वचितच येई.

मुंबईच्या त्या खोलींत शिरण्यास ओळख पुरे होई. लेखी कागद कोणी मागत नसे. परदेशांत नेमका उलट प्रकार आहे. तेथें ओळख नसली तरी चालतें, पण कागद नसला तर दार उघडत नाहीं, आणि चुकीच्या कागदावर सही झाली तर उघडलेलें दारही महागांत पडतें. आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबें फसतात तीं बहुधा याच ठिकाणीं. त्यांना वाटतें कीं घर मिळविणें हा ओळखीचा विषय आहे. वस्तुतः तो कराराचा विषय आहे.

परदेशीं शिकणारांत अलीकडे एका नव्या वर्गाची भर पडली आहे. तो म्हणजे विनिमय योजनेखालीं जाणारा विद्यार्थी. हा आपल्याच विद्यापीठाचा विद्यार्थी राहतो, पुष्कळदां फी आपल्याच विद्यापीठांत भरतो, आणि एक सहामाही किंवा फार तर एक वर्ष दुसऱ्या देशांतील विद्यापीठांत शिकून परत येतो. युरोपांतील इरास्मस योजना १९८७ सालीं सुरू झाली व पुढें तिचें क्षेत्र युरोपाबाहेरही वाढलें. त्याशिवाय दोन विद्यापीठांनीं आपसांत केलेले करार निराळे. अशा विद्यार्थ्यास शिकवणीच्या फीची काळजी कमी असते, परंतु बिऱ्हाडाची काळजी पूर्ण पदवीसाठीं जाणाऱ्यापेक्षां अधिक असते. कारण उघड आहे. घरमालकास वर्षाचा भाडेकरू हवा असतो. यास चार-पांच महिन्यांचीच जागा हवी असते. वर्षभराचा करार करून पांचव्या महिन्यांत निघून जाऊं म्हटलें, तर उरलेल्या महिन्यांचें भाडें देणें कित्येक देशांत भागच पडतें.

हा प्रश्न आजचा नाहीं. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून निघून जूनमध्यें न्यूयॉर्कास उतरल्या, तेव्हां त्यांच्या हातीं कोणत्याही वसतिगृहाचा कागद नव्हता. त्यांच्या पाठीशीं होता तो नुसता पत्रव्यवहार. न्यू जर्सींतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनीं एका मिशनरी मासिकांत जोशी दांपत्याची हकीकत वाचली आणि आपण होऊन पत्र धाडलें. त्या ओळखींतून पुढें इतका जिव्हाळा जडला कीं आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. पहिला उन्हाळा त्यांनीं मावशींच्या घरींच काढला. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयांत नांव घातल्यावर मात्र खरें परदेश त्यांस भेटलें. तेथें राहण्यास मिळालेल्या खोलींतील शेकोटी धड नव्हती. पेटवावी तर धुरानें खोली भरून जाई, न पेटवावी तर थंडीनें अंग काकडे. कल्याण-पुण्याच्या हवेंत वाढलेल्या, स्वतःच्या हातचेंच अन्न खाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीनें ही निवड रोज करावयाची होती. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांनीं वैद्यकीय पदवी मिळविली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्या पुण्यास क्षयानें वारल्या. दोष एकट्या शेकोटीवर टाकणें बरोबर होणार नाहीं. पण उबारा हा चैनीचा भाग नसून खोलीचा पहिला गुण आहे, एवढें या हकीकतीवरून कोंकणांतल्या आईबापांनीं जरूर ध्यानांत घ्यावें. ज्यांनीं आयुष्यांत कधीं घर तापविलें नाहीं त्यांना तें सुचत नाहीं.

मोहनदास गांधी १८८८ सालीं लंडनास गेले. प्रथम एका विधवा बाईच्या घरीं खोली व जेवण अशी सोय त्यांनीं घेतली. खर्च डोईजड होऊं लागल्यावर त्यांनीं आठवड्यास आठ शिलिंगांची एकच खोली घेतली, एक स्टोव्ह विकत आणला, सकाळीं ओटची लापशी व रात्रीं कोको स्वतः करूं लागले, आणि दिवसाचा खर्च सव्वा शिलिंगावर आणला. चालत जातां येईल अशा बेतानें जागा निवडण्याची युक्तीही त्यांनीं साधली होती. गाडीभाडें वांचलें व व्यायाम झाला. आजही स्वस्त खोली दूर आणि महाग खोली जवळ असा पेंच पडतो तेव्हां हिशेब तोच करावा लागतो: भाडें अधिक प्रवासखर्च, आणि त्यांत रोजचा वेळ.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांतील मुर्डी गांवचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ सालीं सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजास गेले व १८९९ सालीं सीनियर रँग्लर झाले. केंब्रिजची रीत निराळी होती. तेथें विद्यार्थी कॉलेजच्या आवारांत राही किंवा विद्यापीठानें परवाना दिलेल्या घरांत राही. ग्रेट सेंट मेरीज् या चर्चपासून तीन मैलांच्या आंत राहून सत्र भरणें हा पदवीच्या अटींचाच एक भाग होता. परवान्याच्या घरमालकिणीनें रात्रीं ठराविक वेळीं दार लावावें आणि उशिरा येणाराचें नांव वर कळवावें असा शिरस्ता असे. विद्यार्थ्यास हा जाच वाटे; परंतु विद्यापीठानें तपासलेलें घर मिळे, हा लाभ लहान नव्हता. विद्यापीठ ज्या बिऱ्हाडाची हमी घेतें आणि ज्याची घेत नाहीं, त्यांतील हा भेद आजही जसाच्या तसा आहे.

लंडनांत अशी हमी घेणारें कोणी नव्हतें. हिंदी विद्यार्थ्यांची संख्या वाढली, घरमालकिणींची नाकें मुरडूं लागलीं, आणि मग बिऱ्हाडाच्या प्रश्नाला राजकारणाचा रंग चढला. श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ सालीं हायगेट भागांत ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू येथें 'इंडिया हाऊस' उघडलें तें हिंदी विद्यार्थ्यांचें वसतिगृह म्हणून. पुढें रत्नागिरींत स्थानबद्ध होऊन राहिलेले विनायक दामोदर सावरकर १९०६ सालीं लंडनास गेल्यावर तेथेंच राहिले. त्या घराचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. मात्र त्याचा पाया एका साध्या गरजेवर होता, हें सहसा लक्षांत घेतलें जात नाहीं. सरकारनेंही १९०७ सालीं ली-वॉर्नर समिती नेमून हिंदी विद्यार्थ्यांची स्थिति तपासली, १९०९ सालीं त्यांच्यासाठीं शिक्षणविषयक सल्लागार नेमला, आणि १९१० सालीं साऊथ केन्सिंग्टनमध्यें २१, क्रॉमवेल रोड येथें त्यांच्यासाठीं एक घर उघडलें. नव्यानें उतरलेल्या विद्यार्थ्यानें कांहीं दिवस तेथें राहावें आणि तोंवर कायमची जागा शोधावी, ही कल्पना फार शहाणपणाची होती. परंतु या घराच्या भिंतींस सरकारचे कान आहेत असा विद्यार्थ्यांचा संशय, आणि तो निराधार नव्हता. पुढें १९२० सालीं के. टी. पॉल यांच्या पुढाकारानें वाय्. एम्. सी. ए. चें हिंदी विद्यार्थी वसतिगृह सुरू झालें. दुसऱ्या महायुद्धांत त्याच्या गॉवर स्ट्रीटवरील जागेवर बाँब पडला, आणि त्यानंतर फिट्झरॉय स्क्वेअरमध्यें नवी इमारत उभी राहिली.

याच जिल्ह्याशीं नातें असलेलें दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचें मूळ गांव मंडणगड तालुक्यांतील आंबडवे. सयाजीराव महाराजांनीं दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ च्या जुलैंत न्यूयॉर्कास पोंचले. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहांत ते आठवडाभरच राहिले. तेथील जेवण त्यांस मानवलें नाहीं. मग ते कॉस्मॉपॉलिटन क्लबांत गेले, आणि शेवटीं लिव्हिंग्स्टन हॉलमध्यें नवल भथेना या पारशी मित्राबरोबर स्थिर झाले. ही मैत्री जन्मभर टिकली. पहिली जागा कायमची मानूं नये आणि सोबती पाहून घर निवडावें, असे दोन धडे येथें एकाच विद्यार्थ्याच्या चरित्रांत सांपडतात. १९२१-२२ च्या सुमारास लंडनांत ते १०, किंग हेन्रीज् रोड येथें भाड्यानें राहत, अल्प आहारावर दिवस काढीत आणि ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयांत वाचीत. तें घर महाराष्ट्र शासनानें २०१५ सालीं विकत घेतलें व आतां तें त्यांचें स्मारक आहे.

परंतु या दोन शहरांच्या मधें बडोदें येतें, आणि तें वगळून पुढें जाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. १९१७ सालीं शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणें ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हां न्यूयॉर्क व लंडन येथें खोली मिळालेल्या या विद्वानास स्वदेशांतील त्या नगरांत कोणी घर देईना. पारशी नांव सांगून त्यांस पारशांच्या धर्मशाळेंत राहावें लागलें. अकराव्या दिवशीं काठ्या घेतलेला जमाव तेथें येऊन थडकला व त्यांस बाहेर पडावें लागलें. परदेशांत आपल्या माणसास वर्णावरून घर नाकारलें जातें म्हणून संताप येतो तेव्हां ही गोष्ट आठवावी. आज परदेशांतील आपल्याच विद्यार्थ्यांच्या जाहिरातींत सोबती कोणत्या आहाराचा व कोणत्या प्रांताचा हवा हें ज्या बारकाईनें लिहिलेलें असतें, त्याच्या मुळाशीं कधीं कधीं आहार नसून दुसरेंच कांहीं असतें.

वर्णभेदाविषयीं कायद्याची स्थिति आतां पुष्कळ सुधारली आहे. ब्रिटनमधील १९६५ च्या वंशसंबंधविषयक कायद्यांत घरांचा समावेश नव्हता. तो १९६८ च्या कायद्यानें झाला. जर्मनींत २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यांत भाड्याच्या घराचा विषय येतो. तरी कायदा पाटी उतरवितो, मन बदलीत नाहीं. नांव वाचून पत्राचें उत्तरच न येणें हा अनुभव दुर्मिळ नाहीं, आणि त्याला उपाय एकच, कीं दहा ठिकाणीं लिहिण्याची तयारी असेल त्यानें तीस ठिकाणीं लिहावें.

आतां आजच्या कामाची रीत. विद्यापीठाचें प्रवेशपत्र आलें म्हणजे खोली मिळाली अशी समजूत सर्वत्र आढळते; ती चुकीची आहे. वसतिगृहाचा अर्ज बहुधा वेगळा असतो, त्याची मुदत वेगळी असते, आणि ती प्रवेशाच्या पुष्कळ आधीं संपूं शकते. निवडीचा निकाल आपल्याकडे उन्हाळ्यांत लागतो. कोंकणांतील बागाइतदाराच्या हातीं त्या वेळीं आंब्याचा पैसा असतो, पण लक्षही आंब्याच्या पेट्यांवरच असतें, आणि अर्जाची तारीख तेवढ्यांत निघून जाते. शरदांत सत्र सुरू होणार असेल तर चैत्र-वैशाखांतच चौकशी व्हावयास हवी. विनिमय विद्यार्थ्यांसाठीं कांहीं विद्यापीठें थोड्या खोल्या राखून ठेवतात. यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयास पहिल्या ईमेलमध्येंच तो प्रश्न विचारावा. नेदरलंडसारख्या देशांत तर जागांची टंचाई इतकी आहे कीं खोली हातीं नसेल तर येऊंच नये, असा स्पष्ट इशारा तेथील विद्यापीठांनीं दिलेला आहे. असा इशारा शिष्टाचाराचा समजूं नये.

विद्यापीठाची खोली न मिळाल्यास पुढचा आधार निमसरकारी संस्थांचा. जर्मनींत विद्यार्थ्यांच्या सोयीसाठीं प्रत्येक भागांत 'श्टुडिरेंडनव्हेर्क' नांवाची संस्था असते व फ्रान्समध्यें 'क्रूस' असते; वसतिगृहें आणि स्वस्त भोजनालयें हींच चालवितात. त्यानंतर खाजगी कंपन्यांचीं वसतिगृहें येतात. तीं टापटिपीचीं पण महाग असतात. आणि मग येतो तो सर्वांत मनोरंजक प्रकार, म्हणजे सामायिक बिऱ्हाड. तीनचार विद्यार्थी मिळून एक घर घेतात, प्रत्येकास एक खोली, आणि स्वयंपाकघर व न्हाणीघर सामायिक. एक जण निघून गेला कीं उरलेले नव्या सोबत्याची निवड करतात, अगदीं मुलाखत घेऊन. आपला हुषार विद्यार्थी या ठिकाणीं हटकून अडखळतो. तो पत्रांत आपले शेंकडा गुण, मिळालेलीं पारितोषिकें आणि प्राचार्यांचें प्रशस्तिपत्र कळवितो. त्यांना हवें असतें तें हें, कीं हा भांडीं घासतो काय, रात्रीं मोठ्यानें बोलतो काय, आणि रविवारीं सर्वांबरोबर जेवावयास बसेल काय. पत्र साधें लिहावें, ज्याची जाहिरात असेल त्याच्या मजकुरास धरून लिहावें, आणि एकच पत्र पन्नास ठिकाणीं धाडूं नये; तें वाचणारास लगेच कळतें. मुलींच्या आईबापांनीं सामायिक बिऱ्हाड ऐकूनच घाबरूं नये. त्यांनीं विचारावें तें एवढेंच: खोलीस स्वतःचें कुलूप आहे काय, घरांत मुली किती आहेत, आणि शेवटच्या बसच्या थांब्यापासून घरापर्यंतचा रस्ता रात्रीं उजेडाचा आहे काय.

भाड्याचा आंकडा वाचतांना सावध राहावें. जर्मनींत 'थंड' भाडें आणि 'ऊबदार' भाडें असे दोन शब्दच आहेत: पहिलें नुसत्या जागेचें, दुसऱ्यांत उबारा, पाणी वगैरे खर्च धरलेला. वीज व इंटरनेट कधीं त्यांत असतें, कधीं नसतें. शिवाय तेथें दर घरामागें नभोवाणी व दूरदर्शन यांची वर्गणी द्यावी लागते, मग घरांत रेडिओ असो वा नसो. भारतांत रेडिओचा परवाना बंद होऊन इतकीं वर्षें लोटलीं कीं आपल्या मुलांना हें ऐकून नवल वाटतें. सामायिक बिऱ्हाडांत ती एकच वर्गणी सर्वांनीं वांटून द्यावी.

अनामत रकमेस कायद्यानें मर्यादा घातलेली आहे, आणि ती ठाऊक असणें म्हणजे अर्धी लढाई जिंकणें होय. जर्मनींत अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक घेतां येत नाहीं, आणि ती तीन मासिक हप्त्यांनीं देण्याचा भाडेकरूस हक्क आहे. इंग्लंडांत २०१९ च्या कायद्यानें, वार्षिक भाडें पन्नास हजार पौंडांच्या आंत असेल तर, अनामत पांच आठवड्यांच्या भाड्याइतकीच घेतां येते. आणि खाजगी घराच्या नेहमींच्या भाडेकरारांत घरमालकानें ती तीस दिवसांच्या आंत मान्यताप्राप्त संरक्षण-योजनेंत ठेवलीच पाहिजे. मात्र घरमालकाच्याच राहत्या घरांत एक खोली घेऊन राहणारास हें संरक्षण नसतें. पुष्कळ ठिकाणीं त्याच देशांतील जामीनदार मागतात, व रत्नागिरींतील वडिलांची सही तेथें चालत नाहीं. फ्रान्समध्यें यावर 'व्हिसाल' नांवाची सार्वजनिक हमी-योजना आहे. ती तरुण विद्यार्थ्यास विनामूल्य जामीन राहते.

आणि आतां फसवणुकीविषयीं, कारण घरचा पैसा बुडतो तो बहुतेक येथेंच. तिचा सांचा जवळजवळ ठरलेला असतो. इंटरनेटवर सुंदर खोलीचीं छायाचित्रें असतात, भाडें आसपासच्या जागांपेक्षां बरेंच कमी असतें. मालक अत्यंत सौजन्यानें उत्तर देतो. तो स्वतः कामानिमित्त दुसऱ्या देशांत असतो, म्हणून घर दाखवूं शकत नाहीं. अनामत व पहिलें भाडें पाठवावें, किल्ली टपालानें येईल. खात्री पटावी म्हणून तो आपल्या पारपत्राची प्रतही धाडतो. ती बहुधा दुसऱ्याच फसलेल्या माणसाची असते. दोन दिवसांत पैसे आले नाहींत तर खोली दुसऱ्यास जाईल, असा शेवटचा निरोप येतो, आणि इकडे घाईनें बँक गांठली जाते. परदेशीं गेलेला पैसा परत मिळविणें हें जवळजवळ अशक्य. तेव्हां घर पाहिल्याशिवाय, किंवा विश्वासू माणसानें पाहिल्याशिवाय, पैसा पाठवूं नये. पाहणें शक्यच नसेल तर मालकास मोबाईलवर चालत्या चित्रांत घर दाखवावयास सांगावें, व त्यांत दारावरचा क्रमांक, खिडकीबाहेरचा रस्ता आणि नळाचें पाणी मागेल त्या क्रमानें दाखवावयास सांगावें; ठेवणीतलें चित्र असेल तर येथें तें उघडें पडतें. जाहिरातींतील छायाचित्र इंटरनेटवर शोधून तें दुसऱ्याच शहराच्या जाहिरातींत तर नाहीं ना, हें पाहावें. करारावरील नांव व बँकेच्या खात्यावरील नांव एकच असावें. त्याच विद्यापीठांत शिकणाऱ्या आपल्या एखाद्या विद्यार्थ्यास घरापर्यंत चालत जाण्याची विनंति करावी. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, इतर शहरांतही मंडळें आहेत. खोली देणें हें त्यांचें काम नव्हे, पण ही एवढी चौकशी करणारें माणूस तेथें भेटूं शकतें. जुनी ओळखीची रीत अगदींच निकामी झालेली नाहीं, ती अशी. तिच्या भरंवशावर घर घेऊं नये, पण घर पारखण्यास ती फार उपयोगी आहे.

सर्वांत बिनधोक मार्ग म्हणजे पहिल्या दोनतीन आठवड्यांसाठीं प्रवासी तरुणांच्या वसतिगृहांत किंवा तशाच तात्पुरत्या ठिकाणीं उतरावें आणि कायमची जागा प्रत्यक्ष पाहून घ्यावी. क्रॉमवेल रोडच्या घराची कल्पना हीच होती. यास थोडा जादा खर्च येतो. तो अंदाजपत्रकांत आधींच धरावा. विनिमय विद्यार्थ्यास आणखी एक सोय आहे. जो तेथला विद्यार्थी त्याच सहामाहींत दुसऱ्या देशीं जात असेल, त्याची खोली तेवढ्या काळापुरती रिकामी होते. अशी पोटभाड्याची जागा मुदतीनें नेमकी जुळते. फक्त मूळ घरमालकाची लेखी संमति पाहिल्याशिवाय ती घेऊं नये.

जर्मनींत एक अट आणखी आहे. नव्या घरांत राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांच्या आंत नगरकचेरींत आपला पत्ता नोंदवावा लागतो, व त्यासाठीं घर देणाराचा सहीचा दाखला लागतो. स्वस्तांतली खोली देतांना एखादा मालक म्हणतो, 'राहा, पण नोंदणी करूं नका.' ही खोली घेऊं नये. नोंदणीवांचून निवासाचा परवाना अडतो, आणि कित्येकदां बँकेचें कामही. तेथें शिकावयास जाणारास वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम बंद खात्यांत ठेवून दाखवावी लागते. १ सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षास ११,९०४ युरो ठरविलेली आहे. म्हणजे महिन्यास ९९२ युरो हातीं येतात. खोली निवडतांना डोळ्यांपुढें हा आंकडा ठेवावा, बापाच्या बागेचा नव्हे.

खोलींत पाऊल टाकल्याबरोबर भिंतींवरचे डाग, फुटलेली कांच, गादीवरील खुणा यांचीं छायाचित्रें घेऊन तीं त्याच दिवशीं मालकास ईमेलनें पाठवावीं. हें अविश्वासाचें लक्षण समजलें जात नाहीं. तेथें तशी रीतच आहे. मग स्वयंपाकघर. तेथील छतास धुराची वर्दी देणारें यंत्र असतें, आणि आपली मोहरी-हिंगाची फोडणी त्यास आग वाटते. एखाद्या मोठ्या वसतिगृहांत तें वाजलें कीं सर्व मजले रिकामे होतात, अग्निशामक दळाची गाडी येते, आणि कधीं कधीं तिचा खर्चही फोडणी देणाऱ्याच्या नांवें निघतो. तेल कमी तापवावें, खिडकी उघडावी, पण यंत्रावर पिशवी बांधूं नये. तो गुन्हा मोठा मानतात. दमटपणा हा कोंकणी माणसाच्या ओळखीचा. श्रावणांत कपाटांतल्या चपलांवर चढणारी बुरशी त्यानें पाहिलेली असते. थंड देशांत ती हिवाळ्यांत चढते, कारण बंद खोलींतली वाफ गार भिंतीवर बसते. ओले कपडे आंत वाळवून खिडक्या बंद ठेवल्या तर पंधरा दिवसांत कोपरे काळे पडतात, आणि निघतांना त्याचें मूल्य अनामतींतून कापलें जातें. दिवसांतून दोनदां पांच-दहा मिनिटें खिडक्या सताड उघडाव्या, मग बाहेर बर्फ पडत असो.

निघण्याच्या वेळचें काम पहिल्या दिवसाइतकेंच महत्त्वाचें असतें. करारांत सांगितलेल्या मुदतीइतकी आगाऊ लेखी सूचना द्यावी. जर्मनींत बेमुदत कराराची ही मुदत सामान्यतः तीन महिन्यांची असते, म्हणजे सहामाही संपण्याच्या वेळीं नव्हे तर ती निम्मी होण्यापूर्वींच पत्र लिहावें लागतें. मालकाबरोबर खोली पाहून, किल्ल्या मोजून, दोघांच्या सह्यांचा कागद घ्यावा. देश सोडतांना नगरकचेरींतील नोंद रद्द करवावी. आणि बँकेचें तेथील खातें त्याच दिवशीं बंद करूं नये. उबाऱ्याचा व पाण्याचा वर्षाचा हिशेब होईपर्यंत मालक अनामतीचा कांहीं भाग ठेवून घेऊं शकतो. ती रक्कम येते तेव्हां विद्यार्थी पुष्कळदां रत्नागिरीस परत येऊन कित्येक महिने झालेले असतात.